साहेब आले त्या दिवशीचं वजन

नोकरीच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत मी सरकारचा पैसा एकदाच वाचवला. ती गोष्ट आमच्या घरात अजून निघते. कुणी आपल्या हुशारीचं फार कौतुक करायला लागलं की बायको म्हणते, "आता ती अंगणवाडीची सांगा." मग मीच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगू देत नाही, कारण दुसरे मला आहे त्यापेक्षा थोडं जास्तच मूर्ख करून सांगतात.

आम्ही जबलपूरचे. म्हणजे मूळचे भंडाऱ्याकडचे, पण आजोबा इकडे आले ते आलेच. बाबा फॅक्टरीत तोफांच्या गाड्या जोडायचे. त्यांच्या मित्रांची पोरं रेल्वेत, टपालात, कुणी फॅक्टरीतच लागली. मी बी.कॉम. होऊन बालविकासाच्या जिल्हा ऑफिसात लेखा शाखेत चिकटलो. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की बाबा क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "दलियाचा हिशोब करतो." तोफेनंतर दलिया म्हणजे एका पिढीत केवढी घसरण, हे त्यांच्या त्या थांबण्यात असायचं.

काम तसं सोपं होतं. अंगणवाड्यांतून लहान मुलांना दलिया, म्हणजे भरड गव्हाची लापशी, शिजवून देत. जी मुलं वजनाला फार कमी, त्यांना दुप्पट वाटा. कुठल्या गावात किती मुलं, त्यातली दुप्पट वाट्याची किती, हे जोडायचं आणि पुढच्या वर्षी किती पैसा लागेल याची मागणी दर थंडीत भोपाळला पाठवायची. तक्ते मी फार सुंदर काढायचो. उभ्या ओळी लाल शाईनं, आडव्या निळ्या. थंडीच्या दिवसांत आम्ही टेबलं व्हरांड्यात उन्हात ओढायचो, एक जण आकडे वाचायचा, दुसरा लिहायचा, आणि चहावाला येऊन उभा राहिला की बेरीज हमखास चुकायची. आता हे सगळं मोबाइलमध्ये भरतात. ऊन आहे, व्हरांडा आहे, पण तिथं स्कूटर लावतात.

गंमत एवढीच की मी तोपर्यंत एकही अंगणवाडी आतून पाहिली नव्हती. माझ्यासाठी मूल म्हणजे बेरजेतला एक.

राज्याचे दोन तुकडे झाले, त्याच्या पुढची ती थंडी. आमच्या शाखेतले मोठे बाबू नव्या राज्यात, रायपूरला गेले. त्यांची अकाउंटंटची जागा रिकामी होती आणि मी रोज येताजाता त्या खुर्चीकडे, कुणी पाहत नाही असं बघून, पाहायचो. नव्या हिशोबात पैसा कमी पडत होता. भोपाळहून कागद आला की जिथं दुप्पट वाट्याची मुलं जास्त दाखवली आहेत, तिथं कुणीतरी जाऊन आपल्या डोळ्यांसमोर वजन करून घ्यावं. आमच्या साहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "भैया, तुम हो आओ. जवान आदमी हो."

गाव तिलवाऱ्याच्या घाटापलीकडे. बसमधल्या लोकांनी पुलावरून नर्मदेत नाणी टाकली, मीही आठ आणे टाकले. पहिलीच तपासणी होती. आदल्या दिवशी गावात निरोप पाठवला होता, तपासणीला साहेब येत आहेत म्हणून. साहेब म्हणजे मी. अंगात बडा फुहाऱ्याच्या बाजारातून घेतलेला नवा कोट, बाह्या बोटांपर्यंत.

अंगणवाडी म्हणजे एक खोली. सरपंचाच्या घरून माझ्यासाठी खुर्ची आणली होती. आणि मुलं! मी हरखूनच गेलो. तेल चोपडलेली डोकी, काजळ, लोकरीच्या टोप्या, दोन-दोन स्वेटर, पायात बूट, हातापायांत चांदीचे कडे, कमरेला करदोडे, गळ्यात ताईत. एकाच्या पायातले कडे तर एवढे जाड की तो चालताना पाय आपटत होता. वरच्या लाकडाला वजनाचा काटा टांगलेला, त्याला कापडाची झोळी. अंगणवाडी चालवणाऱ्या बाई, सगळं गाव त्यांना दीदी म्हणायचं, वयानं माझ्या मावशीएवढ्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साब, आज तो इन्होंने त्योहार बना दिया. आप कल फिर आते तो अच्छा रहता."

मला वाटलं, आग्रह करताहेत.

दीदी त्या जाड कड्यांच्या पोराचे बूट काढायला लागल्या, मग कड्यांना हात घातला. त्याची आई पुढं आली. "काय को उतार रही हो दीदी? साब आए हैं, आज के दिन नंगा करोगी? ठंड लग जाएगी. नजर अलग."

दीदींनी माझ्याकडे पाहिलं. इथं कुणीतरी निर्णय द्यायला हवा होता आणि खुर्चीवर मी होतो.

"रहने दो, रहने दो," मी म्हणालो. हातानं असा इशाराही केला, मोठे लोक करतात तसा.

दीदींनी कड्यांवरचा हात काढून घेतला. एकेक मूल झोळीत बसवलं, काटा वाचला, मी लिहिला. त्यांच्या रजिस्टरमध्ये मागच्या महिन्यात दुप्पट वाट्याची एकोणीस मुलं होती. माझ्यासमोर निघाली चार. बसमध्ये बसल्याबसल्याच मी शेरा लिहून टाकला: मागील नोंदी वाढवून दाखवल्याचे दिसते, पंधरा मुलांचा दुप्पट वाटा मागणीतून कमी करावा. अक्षर बसमुळे हललेलं होतं, मन अजिबात नाही.

ऑफिसातले साहेब एवढे खूश झाले की समोसे मागवले. "एक ही गाँव में इतना? वाह. अकाउंटेंटवाली जगह के लिए तुम्हारा नाम भेजता हूँ." मी समोसा दोन घासांत संपवला.

घरी आलो तर आई अंगणात मटर सोलत बसलेली. थंडीत आमच्याकडे पनागरचे मटर पोत्यानं यायचे, आणि महिनाभर घरात तोच एक हिरवा वास. भाजीत मटर, पोह्यात मटर, भातात मटर. सोलता सोलता मी खायचो आणि आई हातावर चापट मारायची, माझं लग्न झाल्यावरसुद्धा. अजूनही बाजारात पहिले मटर दिसले की माझा हात आपोआप थोडा मागे येतो.

"झाली तुझी साहेबी?" आईनं विचारलं.

"झाली. एकोणीस पोरं कमजोर लिहिली होती, तोलली तर चारच निघाली. सरकारचे पैसे वाचवले, आई."

"एकोणीसची चार? काहून रे, काय टॉनिक देऊन राहिले तिथं?"

"आधीचं खोटं लिहिलं असंल."

"कपडे काढून तोलले?"

"एवढ्या थंडीत? अन् बाया काढू देतात का? सगळे सजवून आणले होते. हे जाड जाड कडे, करदोडे..."

आईचे हात थांबले. "कडे घालून तोलले?"

"त्या दीदी काढून राहिल्या होत्या. मीच म्हटलं, राहू द्या."

"अरे बाप्पा," आई म्हणाली. एवढंच. मग उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात माझे लहानपणचे चांदीचे कडे आणि एक आटलेलं तपकिरी स्वेटर होतं.

"तू वर्षाचा होता," ती म्हणाली. "अंगावर मांस नव्हतं तुह्या. दवाखान्यात बाई पोट्ट्यायले काट्यावर ठेवे, अन् सगळ्यायसमोर मोठ्यानं वजन वाचे. मागं शेजारीण उभी. मले लाज वाटे. मग एक दिवस मी तुले दोन स्वेटरं घातले, टोपी घातली, अन् हे कडे. वजन बरं आलं. बाई म्हणाली, शाबास. अन् ज्याचं कमी, त्याले दुधाच्या पावडरचा डबा भेटे. तो शेजारणीच्या पोट्ट्याले भेटला."

"मग?"

"मग काय. त्याले पहा, अन् तुले पहा."

शेजारणीचा मुलगा पोलिसात आहे. त्याच्या एका दंडात माझी दोन मनगटं बसतात. मी मनगटाकडे पाहिलं. नवीन कोटाच्या बाहीत ते घंटेच्या लोलकासारखं दिसत होतं.

तरी मी वाद घातलाच. अशानं असा किती फरक पडणार, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मटरवाला भैया हातगाडी घेऊन दारात आला, तर आईनं त्याच्या तराजूत माझे कडे, ते स्वेटर, टोपी आणि बाजूच्या घरातून मागून आणलेले लहान मुलाचे बूट ठेवले. "भैया, जरा तौल दो."

"माताजी, अब चाँदी दे के मटर लोगी?"

"तौल तो."

त्यानं अर्ध्या किलोचं माप टाकलं. कड्यांचं पारडं खालीच राहिलं. त्यानं मापावर मूठभर मटर टाकले, तेव्हा कुठं काटा सरळ झाला. मी आठवायला लागलो. त्या पंधरा मुलांपैकी दुप्पट वाट्याच्या रेषेच्या अर्ध्या किलोपेक्षा जास्त वर किती होती? एकही नव्हतं.

त्याहून वाईट पुढंच होतं. ऑफिसात जाऊन मी सूचनांचा कागद काढला. तळाला शेवटची ओळ: वजन घेताना मुलाच्या अंगावरचे कपडे व दागिने काढावेत. ती ओळ जिल्ह्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत गेली होती. दीदींनी ती वाचली होती. आणि ती स्टेन्सिलवर टाइप कुणी केली होती? मीच. टाइप करताना माणूस वाचत नाही, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, पण त्यानं काही माफ होत नाही.

साहेबांपुढे उभा राहिलो. "साहब, वो तौल गलत है."

"तौला किसने था?"

"दीदी ने. मतलब, कार्यकर्ता ने."

"तो लिख दो, कार्यकर्ता ने गलत तौला. उसको नोटिस दे देंगे, तुम दुबारा हो आओ. खतम."

केवढा सोपा रस्ता होता. माझं नाव जागेसाठी तसंच पुढं गेलं असतं. मी म्हटलं, जरा चहा पिऊन येतो. खोटं कशाला बोलू, तो सबंध चहा मी विचार करण्यात घालवला, आणि विचार काही फार थोर नव्हते. मला सारखं वाटत होतं की दीदींना एक नोटीस आली तर काय होतं, सरकारी नोटिशी येतच असतात. पण मग दिसायचं की मी हातानं इशारा करतोय, रहने दो, आणि त्या मूल कड्यांसकट झोळीत ठेवताहेत. चहा संपला. कागदावर लिहिलं: तौल मेरे कहने पर कपड़ों और गहनों सहित हुई, कार्यकर्ता गहने उतार रही थी, पिछला रजिस्टर सही हो सकता है.

साहेबांनी वाचला. चष्मा काढला. "परसों डाक भोपाल जाएगी. कल शाम तक सही आँकड़े दो. न आए तो पुराने ही जाएँगे, पंद्रह बच्चे कम." आणि मी दाराशी पोहोचल्यावर म्हणाले, "समोसे बेकार गए."

दुसऱ्या दिवशी निरोप न पाठवता पहिल्या बसनं गेलो. मुलं रोजच्या कपड्यांत होती, पण कडे-करदोडे होतेच. ते काही माझ्यासाठी घातलेले नव्हते. दीदी चुलीशी होत्या.

"दीदी, उस दिन मैंने गलत कहा था."

"हाँ साब," त्या म्हणाल्या, "कहा तो था."

माझ्याकडे एक दिवस आहे आणि संध्याकाळपर्यंत आकडे हवेत, हे सांगितलं. त्यांनी हात पुसले, घराघरांतून बायकांना बोलावलं. बायका आल्या, मला पाहून दारातच थांबल्या. कडे काढायचे म्हणताच पुन्हा तेच: नजर, थंडी, परका माणूस.

तेव्हा दीदी म्हणाल्या, "साब, हमारा तरीका अलग है. आप बाहर बैठो. इधर पीठ कर के."

"पर मेरे सामने तौलना है, ऐसा ऑर्डर है."

"सामने ही तो हो. बस उधर देखो."

त्यांची पद्धत अशी होती: दार लोटून घ्यायचं, आत फक्त बायका. मुलाला जुन्या धोतराच्या धडप्यात गुंडाळायचं, काटा वाचायचा, पण मोठ्यानं नाही. आकडा पाटीवर लिहायचा. तो आईला आणि रजिस्टरला कळला की झालं. दर महिन्याला त्या असंच करायच्या. फक्त मी आलो त्या दिवशी गावाला खुर्ची आणि साहेब दिसले, आणि ती पद्धत कुणी चालू दिली नाही.

म्हणून मी बाहेर ओट्यावर, दाराकडे पाठ करून, उन्हात बसलो. दाराच्या फटीतून पाटी बाहेर यायची, मी आकडा उतरवायचा, पाटी आत. आणि काढलेले कडे ठेवायला आत जागा नव्हती, म्हणून एका बाईनं आपले माझ्या रुमालात टाकले. "गिन के रखना साब." मग सगळ्यांनीच टाकले. तासाभरात सरकारचे तपासणी साहेब मांडीवर किलो-दीड किलो चांदी घेऊन बसले होते आणि कुठले कडे कुणाचे हे विसरू नये म्हणून मनात घोकत होते. येणारेजाणारे थांबून पाहत होते. एक म्हातारा विचारून गेला, "बेचने आए हो?"

जाड कड्यांच्या पोराची आई शेवटी बाहेर आली. कडे मागायला वाकली आणि माझ्या हातातली पाटी तिला दिसली. "उस दिन तो ज्यादा था."

"उस दिन ये भी तुल गए थे," मी कडे तिच्या हातात दिले.

तिनं कडे तळहातावर तोलून पाहिले. मग हळू म्हणाली, "तो इसको कमजोर लिखोगे?"

मला काही नियमातलं सुचलं असतं तर बरं झालं असतं. मी आईचीच गोष्ट सांगितली: दोन स्वेटर, टोपी, कडे, शाबास आणि शेजारणीच्या घरी गेलेला डबा.

"आपकी अम्मा ने?"

"मेरी अम्मा ने. देख लो." मी कोटाची बाही वर केली.

तिनं माझं मनगट नीट पाहिलं, जसं बाजारात दोडकं पाहतात, आणि तोंडाला पदर लावून हसली. आतून आणखी दोन-तीन जणींचं हसू आलं. "लिख दो साब," ती म्हणाली. "पर दीवार पे मत चिपकाना."

"नाम तो मेरे कागज में है ही नहीं. सिर्फ गिनती जाती है."

"तो ठीक. गिनती में क्या शरम."

दुप्पट वाट्याची अठरा निघाली. एकोणिसावं मूल खरंच सुधारलं होतं, आणि ते दीदींनीच दाखवून दिलं. मी चांदी मोजून परत केली, सगळी बरोबर निघाली. माझ्या कारकिर्दीतला तो एकमेव हिशोब असावा जो पहिल्या फटक्यात जुळला.

संध्याकाळी साहेबांनी कागद वाचला. "तुम्हारे सामने तौला गया?"

"सामने ही, साहब. मेरी पीठ थी उधर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग सही केली. अठराचा दुप्पट वाटा मागणीत राहिला आणि डाकेबरोबर भोपाळला गेला. अकाउंटंटची जागा दुसऱ्याला मिळाली. चांगला माणूस होता, माझ्याहून वेगानं बेरीज करायचा.

नव्या वर्षाचा दलिया पोहोचल्यावर मी पुन्हा त्या गावाला गेलो. या वेळी कुणी पाठवलं नव्हतं, सुट्टी टाकून गेलो. घरी खरं सांगायची लाज वाटली, म्हणून तिलवाऱ्याला नर्मदेच्या स्नानाला चाललोय म्हटलं. मुलं रांगेत बसून खात होती. त्या जाड कड्यांच्या पोरापुढं दुप्पट वाटा होता, आणि तो पठ्ठ्या बोटानं दलियात रेघा ओढत बसला होता. एक दाणा तोंडात नाही.

"ये खाता नहीं, साब," दीदी म्हणाल्या. "गुड़ डालो तो दोनों हिस्से खा जाता है. मैं घर से लाती थी, पर रोज कहाँ से लाऊँ? गुड़ का पैसा किस में है?"

पैसा कशात, म्हणजे बजेटच्या कुठल्या ओळीत आहे, हा प्रश्न मला पहिल्यांदाच असा समोर बसलेल्या तोंडासकट विचारला गेला होता. ऑफिसात आलो, बजेटचं जाड पुस्तक काढलं. धान्य होतं, तेल होतं, मीठ होतं, जळण होतं. गूळ नव्हता. पुढच्या थंडीत मी तक्ता आखला तेव्हा मिठाच्या खाली एक नवी आडवी ओळ ओढली.

साहेबांनी तिच्यावर पेन टेकवलं. "ये गुड़ कहाँ से आया? कहीं लिखा है?"

"लिखा तो कहीं नहीं है, साहब," मी म्हणालो. "मैं देख के आया हूँ."